डाव्या पायाची नोकरी

सतरा वर्षं त्याचा डावा पाय गाडीत नुसता बसून होता. उजवा पाय ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळायचा, आणि डावा पाहुण्यासारखा बाजूला, कशाला हात न लावता. गाडी डॉक्टरीणबाईंची होती, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. दांडा एकदा खाली ओढला की गाडी चालायची, पुढे शेवटपर्यंत ढकलला की चाकं कुलूपबंद व्हायची. बाई मागच्या सीटवर बसून कपातून चहा प्यायच्या, बशीशिवाय. सतरा वर्षांत त्यांच्या साडीवर थेंब पडला नाही. बाईंच्या रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्याला 'लोणी' म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण त्याला ते आवडायचं.

बाई गेल्या. महिनाभरात त्यांच्या पुतण्याने गाडी विकली आणि जाताना त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अत्यंत विश्वासू आणि वक्तशीर.' गिअरबद्दल काही लिहिलं नव्हतं.

चार महिने तो घरी बसला. वय चौपन्न. ज्याला त्याला तिशीतला ड्रायव्हर हवा होता. शेवटी मेहुण्याने बातमी आणली, एका काचेच्या कारखान्यात टेम्पोवर माणूस पाहिजे.

कारखाना म्हणजे एक लांब शेड, पुढे अंगण, अंगणातून शेडमध्ये चढणारा सिमेंटचा उतार. नवऱ्यामागे मालकीणबाईच सगळं बघत होत्या. चष्मा कपाळावर, हातात मापाची पट्टी, बोलणं मोजकं.

"टेम्पो मॅन्युअल आहे. सवय आहे ना?"

"ताई, शिकलोच त्याच्यावर."

हे खोटं नव्हतं. फक्त शिकून तीस वर्षं झाली होती, आणि शेवटचा क्लच दाबून सतरा. तेवढं त्याने सांगितलं नाही.

"पंधरा दिवस बघू," मालकीणबाई म्हणाल्या. "काचेची गाडी आहे. काचेला माणसापेक्षा जास्त जपावं लागतं. माणूस निदान ओरडतो."

पहिल्या दिवशी सकाळी टेम्पोत काचा चढल्या. मधोमध लाकडी घोडी, तिच्या दोन्ही बाजूंना काचा तिरक्या टेकवलेल्या, मध्ये नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या, वरून दोर. काचांबरोबर मागे बसायचे मामा. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने काच कापणारे. एकतीस वर्षं त्यांनी तिथे काढली होती. डाव्या हाताची करंगळी नव्हती, म्हणून पाठीमागे त्यांना 'चारबोटे' म्हणायचे. तोंडावर मात्र सगळे मामाच.

त्याने किल्ली फिरवली. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये उभा होता. बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडला. मागे काचा एकमेकींवर वाजल्या. अंगणातली सगळी माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली.

मागच्या पत्र्यावर दोन टकटक झाल्या.

"ड्रायव्हर, गाडी सुरू करतोयस का काच फोडतोयस? फोडायची असेल तर हातोडी देतो, पेट्रोल वाचेल."

फाटकाबाहेर पडेपर्यंत टेम्पो अजून दोनदा बंद पडला. पहिल्या चौकात एकदा, बाजाराच्या वळणावर दोनदा. थांबायचं म्हणजे ब्रेक दाबायचा एवढंच त्याच्या अंगाला माहीत होतं. ब्रेकबरोबर क्लचही दाबायचा असतो हे डोक्याला माहीत होतं, पण डोक्यापासून डाव्या पायापर्यंतचा रस्ता सतरा वर्षांत बुजला होता. संध्याकाळपर्यंत टेम्पो एकूण नऊ वेळा बंद पडला. काच फुटली नाही. ते त्याचं कौशल्य नव्हतं. मामांनी दिवसभर दोन्ही हात पसरून घोडीला मिठी मारली होती.

शेवटची काच उतरवल्यावर मामा पुढे येऊन बसले. दंड चोळत त्यांनी विचारलं, "किती वर्षं चालवतोस?"

"तीस."

"गाडीच ना?"

मामांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

"हे बूट कसले? वरातीला निघालास?"

बूट डॉक्टरीणबाईंकडचे होते. काळे, चकाकणारे, जाड तळाचे.

"मी काच कापताना हातमोजे घालत नाही," मामा म्हणाले. "काच कुठे तुटणार ते बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. त्या बुटात तुझ्या पायाला काय कळणार? क्लच कुठे पकडतो ते?"

"म्हणूनच चार बोटं राहिली वाटतं," त्याच्या तोंडून निघून गेलं.

मामा हसले नाहीत. "ते काचेने नाही गेलं. टेम्पोच्या दारात गेलं. ड्रायव्हर तुझ्यासारखाच होता."

घर तिसऱ्या मजल्यावर. त्या संध्याकाळी तो एकेक पायरी उजव्या पायाने चढला, डावा मागून ओढत. बायको एका शिवणकामाच्या कारखान्यात कपडे दुरुस्त करायची, दिवसभर विजेच्या मशीनवर. तीही नुकतीच आली होती. तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि न विचारता तेलाची बाटली आणली.

"सतरा वर्षं बसून खायची सवय लागलीय या पायाला," ती चोळत म्हणाली. "आता कामाला लावलं तर कुरकुरणारच. सरकारी नोकर झालाय तो."

"दुपारपर्यंत चारशे बारा वेळा दाबला. मग मोजायचं सोडलं."

"कसा दाबता?"

त्याने बसल्या जागी करून दाखवलं. मांडी उचलायची, पाय पुढे, दाब, आणि मग सोडायचं.

"सोडताना टाच कुठे असते?"

"वर. हवेत."

"मग थरथरणारच की. अहो, दाबताना दाबा हवं तसं. सोडताना टाच जमिनीला टेकवा आणि नुसता चवडा वर येऊ द्या. आमच्याकडे नवीन मुलगी आली की पहिले दोन दिवस मी हेच शिकवते. टाच हवेत ठेवली तर सुई पळते आणि बोटातून जाते."

चौपन्नाव्या वर्षी बायकोकडून क्लच शिकायचा म्हणजे थोडं जड जातं. पण टाचेचं म्हणणं खरं होतं. कपाटाखालून त्याने पातळ तळाचे जुने कापडी बूट काढले. चकाकणारे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या जागी ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून तो साडेपाचला कारखान्यात जायला लागला. कामाला सुरुवात सातला. वॉचमनला त्याने विचारलं आणि मोकळा टेम्पो अंगणातल्या उतारावर नेला. मागच्या चाकामागे चार बोटं अंतर सोडून पाण्याची रिकामी बाटली उभी केली. गाडी उतारावरून सुटायची, वर जायची, पण मागे जराही सरकायची नाही, बाटली शाबूत राहिली पाहिजे. पहिल्या सकाळी सहा बाटल्या चपट्या झाल्या.

"चालू दे, चालू दे," वॉचमन खुर्चीतून म्हणाला. "भंगारवाला दुवा देईल तुला."

तिसऱ्या सकाळी तीन. पाचव्या सकाळी एक. हँडब्रेक ओढलेला, टाच जमिनीवर, चवडा सावकाश वर. मग एक जागा येते, तिथे इंजिनाचा आवाज जड होतो आणि टेम्पोचं नाक जरासं वर येतं. तिथे क्लच पकडतो. तेव्हाच हँडब्रेक सोडायचा. आधी नाही, नंतर नाही. ही जागा सांगून कळत नाही, पाय झिजवूनच कळते.

आठव्या दिवशी टेम्पो दिवसभरात एकदाही बंद पडला नाही. मामा संध्याकाळी उतरताना म्हणाले, "आज माझे हात दुखले नाहीत." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. घरी जाताना त्याने जिने सरळ चढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या मजल्यापर्यंत जमलं.

दहाव्या दिवशी ते झालं.

दुपारचे तीन. चौथी फेरी. एका चढाच्या गल्लीत केस कापायचं नवं दुकान उघडत होतं, तिथे आरसा न्यायचा होता. पाच फूट बाय चार, कडा घासलेल्या, कोपरे गोल केलेले. मामांनी त्यावर दोन दिवस घालवले होते. गल्ली अरुंद, मागे एक गाडी सारखी हॉर्न वाजवत होती. त्याचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. त्याने टेम्पो बाजूला घेतला, थांबवला, दांडा पुढे शेवटपर्यंत ढकलला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि दुकानाची घंटा वाजवायला गेला.

यात विचार कुठेच नव्हता. हाताने सतरा वर्षं जे केलं तेच केलं. थांबा, दांडा पुढे, किल्ली, उतरा. डॉक्टरीणबाईंच्या गाडीत पुढे ढकललं की चाकं कुलूपबंद. टेम्पोत पुढे ढकललं की तिसरा गिअर. आणि तिसरा गिअर चढावर भरलेला टेम्पो धरत नाही. हँडब्रेक ओढायची तर त्या हाताला आठवणच नव्हती.

मागे आवाज आला. त्याने वळून बघितलं. टेम्पो उचक्या दिल्यासारखा, थांबत थांबत, मागे चालला होता. मामा आत होते, दोर सोडत होते. तो धावला. गुडघ्याचं भान राहिलं नाही. दार उघडून अर्धा आत पडला आणि हँडब्रेक ओढला. तोपर्यंत मागचं चाक कडेच्या दगडाला लागलं होतं. टेम्पो दोन हात गेला असेल, जास्त नाही.

आतून फक्त एक बारीक आवाज आला होता. कट्ट. मामांनी आरसा छातीवर झेलला होता. तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकला होता आणि मामांच्या मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"पाणी आण," मामा म्हणाले. "आणि फडकं. पळू नकोस, आता पळून काय उपयोग."

जखम धुतली, फडकं बांधलं. खोल नव्हती. मग मामा पुढे येऊन बसले आणि गिअरच्या दांड्याकडे बघत राहिले.

"तिसऱ्यात ठेवलास?"

"पुढे ढकलला. तिकडे पुढे ढकलला की गाडी हलत नाही."

"तिकडे म्हणजे कुठे?"

मग त्याने सगळं सांगितलं. सतरा वर्षं, ऑटोमॅटिक, चहाचा कप, मालकीणबाईंना सांगितलेलं अर्धं सत्य. रिकामे चार महिनेही सांगितले. मामा ऐकत होते.

"बरं," मग ते म्हणाले. "चल."

कारखान्यात मालकीणबाई उतारावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी तडकलेला आरसा बघितला, मग मामांचं मनगट. त्याने तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले.

"माझ्या हातून सुटला."

"तुमच्या हातून?"

"वय झालं, ताई."

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मामांकडे नीट बघितलं. आवाज मऊ केला, आणि तेच वाईट झालं.

"दवाखान्यात जाऊन या. आणि उद्यापासून बाहेर जाऊ नका. टेबलावर बसून कापा. मोठ्या काचांबरोबर मी दुसऱ्या कोणाला पाठवीन."

मामांनी मान हलवली. एकतीस वर्षं ते आपली काच स्वतः नेऊन स्वतः बसवत होते. काच चौकटीत बसून वर पट्टी ठोकली जाईपर्यंत ते तिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. काच हातात असताना कोणी बोलायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि सगळा कारखाना तो पाळायचा. आता त्यांची काच दुसरं कोणीतरी नेणार होतं.

त्या संध्याकाळी बायको तेल घेऊन बसली तेव्हा त्याने तिला सांगितलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. राहिली नोकरी."

"कुणाची?"

ती चोळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पाय ताठ का केलात? ढिला सोडा." पण पाय ढिला झाला नाही.

रात्रभर त्याने हिशेब मांडून बघितला. सांगितलं तर नोकरी जाणार. पुन्हा चार महिने, कदाचित आठ. नाही सांगितलं तर मामा टेबलावर बसणार, मरेपर्यंत. आणि तो रोज सकाळी त्या टेबलावरून चालत टेम्पोकडे जाणार. सकाळी साडेपाचला तो उतारावर गेला नाही. मालकीणबाई येईपर्यंत फाटकाशी उभा राहिला.

त्यांनी उभ्या उभ्याच ऐकलं. तिसरा गिअर, हँडब्रेक, सतरा वर्षं. ऐकून झाल्यावर त्यांनी मामांना हाक मारली. मामा आले, त्याच्याकडे बघितलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं.

"मामा, हा सांगतो ते खरं?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "खरं."

मालकीणबाई थोडा वेळ हातातल्या पट्टीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला काढत नाही. दया म्हणून नाही. आज माझ्याकडे दुसरा ड्रायव्हर नाही म्हणून. पण तुमच्या गाडीत काच जाणार नाही. चौकटी न्या, पुट्टी न्या, भंगार काच वितळवायला भट्टीवर पोचवा. काचेसाठी मी भाड्याचा टेम्पो लावते. आजपासून पुन्हा पंधरा दिवस. शेवटी ठरवू." मग मामांकडे वळल्या. "तुम्ही जा तुमच्या काचेबरोबर."

मामांना त्यांचं काम परत मिळालं. त्याला वाटलं होतं निदान तेवढ्याने ते खूश होतील. शेडच्या मागे नळावर त्याने त्यांना गाठलं.

"मामा..."

"तुझं मन हलकं झालं," मामा हात धूत म्हणाले. "माझं तोंड खोटं पडलं. एकतीस वर्षांत त्या बाईशी एकदा खोटं बोललो. तेही तुला चार दिवस सांभाळता आलं नाही."

"पण तुम्ही टेबलावर..."

"बसलो असतो. माझी पाठ काय लोखंडाची आहे? बसलो असतो." त्यांनी नळ बंद केला आणि निघून गेले.

त्यानंतर मामा त्याच्याशी बोलले नाहीत. चौकटी, पुट्टीचे डबे आणि भंगार काच, एवढंच तो नेत राहिला. भंगार म्हणजे कापून उरलेले तुकडे, लोखंडी पेटीत भरलेले. ही पेटी मोठी चहाडखोर. जरा झटका बसला की आतले तुकडे खळ्ळकन वाजायचे. गिअर उशिरा टाकला, वाजली. ब्रेक जोरात लागला, वाजली. क्लच अर्ध्या बोटाने लवकर सुटला, तरी वाजली. भट्टी शहराबाहेर, जायला तास लागायचा. पहिल्या दिवशी पेटी तासभर बडबडत होती. तो खिडकीतून बाहेर न बघता तिचंच ऐकत चालवायचा. बाराव्या दिवशी भट्टीवरचा माणूस म्हणाला, "तुमचा टेम्पो आला हे हल्ली कळतच नाही." त्याने ते घरी सांगितलं. बायको म्हणाली, "चला, एक तरी बोलणारी गप्प केलीत."

गुडघा मात्र बरा झाला नाही. तो होणारही नव्हता. संध्याकाळी सुजायचा, सकाळी उतरायचा. त्याने त्याच्याशी भांडायचं सोडून दिलं.

पंधराव्या दिवशी भाड्याचा टेम्पो आलाच नाही. त्या ड्रायव्हरचा निरोप आला, घरी आजारपण आहे. औषधाच्या एका दुकानाची दर्शनी काच तयार होती, आठ फूट बाय पाच. जुनी काढून ठेवलेली, दुकान सकाळपासून उघडं पडलेलं, दुकानदाराचे तीन फोन येऊन गेले होते. मालकीणबाई उतारावर उभ्या राहून कधी काचेकडे, कधी फाटकाकडे बघत होत्या. त्याच्याकडे बघितलं नाही.

मामांनी टेबलावरचं फडकं खांद्यावर टाकलं. "चढवा," ते म्हणाले. कोणत्या टेम्पोत ते सांगितलं नाही. अंगणात एकच टेम्पो होता.

चौघांनी काच चढवली, दोर बांधले. मामा मागे बसले. त्याने किल्लीला हात लावण्याआधी दांडा हलवून बघितला. न्यूट्रल. मग सुरू केला.

मामा अवाक्षर बोलले नाहीत. ते रागाने की काचेमुळे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बाजारापर्यंत सगळं सुरळीत गेलं. पुढे नदीवरचा पूल. पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. वर कुठेतरी काहीतरी बंद पडलं होतं. त्याच्या मागे एक मालाची गाडी येऊन चिकटली, इतकी जवळ की आरशात तिचं नुसतं तोंड दिसत होतं.

पुढची गाडी चार हात सरकायची, थांबायची. पुन्हा चार हात. तो दहा-बारा वेळा तिच्यामागे सरकला. हँडब्रेक, टाच, चवडा, आवाज जड, सोड. पुन्हा हँडब्रेक. मग गुडघ्याला कंप सुटला. आधी बारीक, मग मांडीपर्यंत. पाय थरथरला की क्लच थरथरतो, क्लच थरथरला की टेम्पो. आठ फूट काच, पाठीमागे मालाची गाडी, आणि त्या दोघांच्या मधे मामा.

त्याने हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केला आणि डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला. पुढची गाडी सरकली. तो हलला नाही. ती पुन्हा सरकली. तो हलला नाही. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो आजोबा! मुहूर्त बघताय का?"

"झोप लागली वाटतं! कोणीतरी पांघरूण घाला रे!"

पुढे पंधरा-वीस हात जागा मोकळी झाल्यावर त्याने क्लच दाबला आणि तेवढं अंतर एका दमात, सावकाश काढलं. पुन्हा थांबला. पुन्हा पाय बाजूला. पाच वेळा दाबायच्या जागी एकदा. शिव्या पाचपट. शिव्या कानाने खायच्या असतात, गुडघ्याने नाही. माणसाजवळ किती जोर शिल्लक आहे हे त्याचं त्यालाच माहीत असतं, आणि तो दुसऱ्याच्या हॉर्नवर खर्च करायचा नसतो. एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन त्याच्या खानदानाची चौकशी करून गेला. तो पुढे बघत राहिला. पूल उतरायला पाऊण तास लागला. मागून एकदाही काच वाजली नाही.

दुकानात काच उतरली. मामांनी ती चौकटीत बसवली, चारही बाजूंनी बोट फिरवून बघितलं, वरची पट्टी ठोकली. शेवटचा खिळा आत गेल्यावर ते वळले. चौदा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"पाणी आहे का?"

त्याने बाटली दिली. मामांनी अर्धी संपवली, अर्धी परत दिली.

"पुलावर कोण होता तो, खानदान विचारणारा?"

"ओळखीचा नव्हता."

"माहिती बरीच होती त्याला."

परत येताना मागची बाजू रिकामी होती. मामा पुढे येऊन बसतील म्हणून त्याने सीटवरचे कागद उचलले, पण ते मागेच चढले. तो निघाला. बाजार गेला, चौक गेला. मागून काही आवाज नाही म्हणून एका सिग्नलला त्याने मधल्या जाळीतून बघितलं. मामा घोडीला पाठ लावून, तोंड अर्धं उघडं टाकून, गाढ झोपले होते. इंजिनाच्या थरथरीबरोबर त्यांची मान सावकाश डुलत होती.

त्यानंतर त्याने टेम्पो कधी नव्हे इतका हळू चालवला. खड्डे टाळले, टाळता न येणारे पहिल्या गिअरवर काढले. कारखान्याचं फाटक आलं, वॉचमनने उघडलं. आता फक्त अंगण, चाळीस पावलं. पायाला वाटलं, संपलं. त्याने ब्रेक दाबला. नुसता ब्रेक. टेम्पोने एक आचका दिला आणि अंगणाच्या मधोमध बंद पडला.

मागे धप्प झालं.

"पोचलो का?" आतून आवाज आला.

"पोचलो, मामा."

"मग तोंडाने सांग. हलवून काय सांगतोस?"

मालकीणबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं बघितलं होतं. त्या टेम्पोजवळ आल्या, मागे डोकावल्या. मामा डोळे चोळत बसले होते.

"बसली काच?"

"बसली."

"पंधरा दिवस झाले आज," त्या म्हणाल्या. "उद्याची काच कोणाच्या गाडीत द्यायची, मामा?"

"त्यालाच विचारा. मी बोललो की खोटं पडतं."

मालकीणबाई खिडकीशी आल्या. त्याने दार उघडायचा प्रयत्न केला नाही. उतरला असता तर पाय दिसला असता. तसाही तो दिसतच होता, दोन्ही हातांनी धरलेला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "झेपतंय का तुम्हाला?"

त्याला उत्तर माहीत होतं. पहिल्या दिवशी दिलं तसंही देता आलं असतं.

"झेपत नाही, ताई," तो म्हणाला. "पण होतंय."

मालकीणबाईंनी पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या गुडघ्याकडे, मग मागे मामांकडे बघितलं.

"उद्या दोनच फेऱ्या देते. दोन्ही काचेच्या. सातला या." आणि त्या शेडमध्ये गेल्या.

मामा मागून उतरले, कमरेवर हात ठेवून वाकले, सरळ झाले, आणि त्याच्या दाराशी आले.

"उतरतोस ना? का इथेच बिछाना घालू?"

"दोन मिनिटं. पाय येत नाहीये."

"येऊ दे," मामा म्हणाले आणि टेम्पोच्या चाकाला टेकून उभे राहिले. त्यांना मोठी जांभई आली. ती बघून त्यालाही आली.